फौजीच्या मागे

वरच्या पठारावरची वीज गेली ती ऐन दाणा भरायच्या दिवसांत. एरवी ती रुसून जायची आणि दुपारपर्यंत परत यायची. या वेळी सबस्टेशनातला मोठा ट्रान्सफॉर्मरच जळून गेला आणि पठारावरचे सगळे पंप एका झटक्यात मुके झाले. विहिरींना पाणी होतं, पण ते वर काढणार कशाने? गहू दुधात होता, ऊन भाजत होतं, आणि आणखी आठवडाभर पाणी मिळालं नाही तर घरात पोचट दाणा येणार हे शेंबड्या पोरालाही कळत होतं. नवा ट्रान्सफॉर्मर शहरातून घाटाच्या पायथ्यापर्यंत आला आणि तिथे घोडं अडलं. ज्या लांबलचक गाडीवर तो आला होता ती पहिल्या वळणालाच तोंड देईना. क्रेनवाला येऊन वळण बघून गेला. डोंगराची कड थोडी फोडावी लागेल, म्हणाला. डोंगर फुटेपर्यंत गव्हाने कसं थांबायचं ते मात्र त्याने सांगितलं नाही.

मग लोकांना फौजीवाल्यांची आठवण झाली. ती नेहमी अशी उशिराच व्हायची.

फौजी हा एक ट्रक होता. त्या घरच्या सुनेच्या सासऱ्याने तो तरुणपणी लष्कराच्या लिलावातून घेतलेला. सहाही चाकं ओढणारी, नाक लांब पुढे, नाकाखाली तारेचा दोर गुंडाळणारी विंच, आणि स्टिअरिंग डाव्या अंगाला. त्याच्यावर आजवर कितीतरी रंग चढले, पण कुठेही खरवडलं की खालून तो जुना हिरवा डोकवायचाच. सायलेन्सर कधीचा गळून पडला होता. चढाला लागला की फौजी असा गर्जायचा की आत बसलेल्याला स्वतःचा खोकला ऐकू येऊ नये. आरशांत तर थरथरीशिवाय काही दिसायचं नाही. पण रोड रोलर असो, बॉयलर असो, नदीत रुतलेला मालट्रक असो, दुसरी गाडी जिथे हात टेकायची तिथे फौजीचं काम सुरू व्हायचं.

आता मागचं दिसत नाही आणि ऐकूही येत नाही म्हटल्यावर त्या घराने आपली एक रीत काढली होती. ओझं मागच्या बुटक्या ट्रेलरवर. ट्रेलरच्या चाकालगत एक माणूस पायी चालायचं, हातात उटी घेऊन. उटी म्हणजे चाकाखाली सरकवायचा लाकडी ठोकळा, एका बाजूने निमुळता, लोखंडी पट्टी मारलेला, लांब दांड्याचा. गाडी चढावर थांबली की उटी चाकाला लावायची, निघाली की ओढून घ्यायची. आणि त्या माणसाच्या मनगटापासून, ट्रेलरच्या कड्यांतून ओवत नेलेली एक बारीक दोरी थेट चालकाच्या दंडाला बांधलेली असायची. एक हिसका म्हणजे थांब. दोन म्हणजे चल. एवढीच त्यांची भाषा, आणि तिच्यावर डोंगराएवढी ओझी वर गेली होती.

उटीला भाड्याचा माणूस लावायचा नाही, हा सासऱ्याचा कायदा. चालकाचा ज्याच्यावर जीव आहे तेच माणूस मागे हवं, म्हणजे ब्रेकवरचा पाय जागा राहतो, असं तो छातीठोकपणे सांगायचा. हे ठरवताना त्याने मागे चालणाऱ्या बायकोला विचारलं नव्हतं, हा भाग वेगळा. सासू बरीच वर्षं मागे चालली. तिच्या उजव्या पायाला बोटं नव्हती. एका चढावर आपलाच पाय घसरला, एवढं ती सांगायची आणि पुढे तोंडाला कुलूप. सासरा गेला, चाक मुलाच्या हाती आलं आणि उटी सुनेच्या. तिला सगळे उटीवाली म्हणूनच ओळखायचे. माहेरी गेली तरी कुणीतरी विचारायचं, काय उटीवाले, उटी कुठे ठेवलीस. तीही हसून सांगायची, नवऱ्याला लावून आलेय, जाईल कुठे.

त्या हंगामात मात्र तिच्या मनात काहीतरी खटकत होतं, आणि ते काय आहे हे तिला धरता येत नव्हतं.

चालक डाव्या अंगाला बसतो, दोरी डाव्या खिडकीतून येते, तेव्हा ती डाव्या दंडाला बांधायची. साधी गोष्ट. सासऱ्यापासून तसंच चालत आलेलं. पण थंडी संपता संपता नवऱ्याने दोरी सीटच्या मागून फिरवून उजव्या दंडाला घेतली. का, विचारलं तर म्हणाला, डाव्याला खरूज उठली आहे. तिने खरूज पाहिली नाही. पुढे पुढे तो गाठ स्वतः बांधेना, तिला बांधायला लावी आणि म्हणे, आवळ अजून. तिने आवळली. एकदा त्याने रेडिएटरचं झाकण उघडलं आणि तळहाताला टरारून फोड आला, तरी संध्याकाळी तिने दाखवीपर्यंत त्याला पत्ता नव्हता. लागलं असेल कुठेतरी, म्हणाला. चहाचा पेला दोन्ही हातांनी धरायला लागला. तिने हे सगळं पाहिलं आणि आपलंच मन खोटं पाडलं. कामाच्या धबडग्यात माणूस जे पाहायचं नाही ते पाहत नाही.

घाट चढायच्या दिवशी पहाटे ती अंगणात ट्रेलरच्या साखळ्या तपासत होती. सासू लंगडत दारात आली. हातात जुनी उटी, तिची स्वतःची, एका कोपऱ्याला झिजलेली.

“आज दोन घेऊन जा,” सासू म्हणाली.

“दोन कशाला? हात दोनच आहेत मला.”

“एक पाठीला बांध. घाट वाईट आहे.”

घाट तर नेहमीचाच होता. पण सासूशी सकाळी सकाळी कोण हुज्जत घालणार? तिने जुनी उटी पाठीशी आडवी बांधली. दांडा चालताना कमरेला टोचत होता. फौजीचं नाक हलवत, धूर ओकत ते निघाले तेव्हा सासू दारातच उभी होती. एरवी ती गाडी सुरू झाली की आत जायची.

पायथ्याला वीज कंपनीचा वायरमन हजर होता. भला माणूस, पण घाबरट. रात्रभर ट्रान्सफॉर्मरपाशी बसून त्याचे डोळे लाल झाले होते. पठारावरची माणसं रोज सकाळी येऊन त्याच्या तोंडाकडे बघत उभी राहायची, आणि त्या नजरांनी त्याला नकोसं केलं होतं. क्रेनवालाही आला होता, मोटरसायकलवर एक पाय टेकून. त्याने पायथ्याशी उभ्या असलेल्या क्रेनने ट्रान्सफॉर्मर उचलून फौजीच्या ट्रेलरवर ठेवला तेव्हा ट्रेलरच्या पाट्या कण्हल्या आणि टायर जमिनीवर पसरले. क्रेनवाल्याने हसत हसत नवऱ्याला सांगितलं की आज जर हा भंगार वाटेत बसला तर उद्या मीच तो उचलून भंगारात नेऊन टाकतो, ओढायचं भाडं लावणार नाही.  नवरा उजवा हात मांडीवर घासत होता, गारठलेला हात घासावा तसा, आणि ऊन तर तेव्हाच चढायला लागलं होतं.

दोरी बांधताना तो म्हणाला, “आवळ.”

“आता रुतेल.”

“रुतू दे. आवळ.”

तिने आवळली.

पहिला चढ सरळ होता. फौजी खालच्या गिअरमध्ये गुरगुरत, पावला-पावलाने निघाला. वायरमन लाल फडकं घेऊन पुढे चालला, ती मागे. डांबर वितळून चपलांना चिकटत होतं. टायर खडे चिरडत होते आणि ट्रान्सफॉर्मरच्या तेलाचा उग्र वास नाकात बसत होता. तिची नजर चाकावर आणि चाकाखालच्या हातभर रस्त्यावर. मागे चालणाऱ्याला डोंगर दिसत नाही, आभाळ दिसत नाही, चाक दिसतं. इंजिन तापलं की तो थांबायचा, ती उटी लावायची, तो पाणी ओतायचा, ती दोनदा दोरी ओढायची आणि पुन्हा चाल सुरू व्हायची. पहिलं वळण निघालं. दुसरंही निघालं, जरा रडतखडत. तिच्या एक ध्यानात आलं की एक हिसका दिल्यावर गाडी थांबायला आज क्षणभर जास्त लागतोय. ओझं जड आहे, तिने मनाला सांगितलं.

तिसरं वळण घाटातलं सगळ्यात अरुंद. तिथे रस्ता उलटा आपल्याच अंगावर वळतो आणि आतल्या कडेला तुटलेला कठडा, त्याखाली सरळ खालचा रस्ता. पुढचा ट्रक बाहेरून मोठा वळसा घेतो, पण मागचा ट्रेलर आळशासारखा आतून काप मारतो. म्हणून तिथे थोडं पुढे, थांब, चाक सरळ, पुन्हा पुढे, असं तुकड्या-तुकड्याने जायचं असतं. कडेपासून वीतभर राहिलं की हिसका द्यायचा, हे तिचं काम.

वीतभर राहिलं. तिने हिसका दिला.

गाडी थांबली नाही. चाक कडेकडे सरकत राहिलं. तिने पुन्हा हिसका दिला, जोराने, आणि लगेच आणखी एक, आणि मग तिच्या काळजात लख्ख झालं की आपण काय केलं. पहिला त्याला कळलाच नव्हता. कळले ते दोन. आणि दोन म्हणजे चल.

फौजीने गर्जना केली. त्याने रेटून वेग दिला होता. कठड्याचा उरलासुरला दगड सुटला आणि खालच्या रस्त्यावर जाऊन फुटला. चाकाचा अर्धा भाग हवेत आला. ती ओरडली, पण त्या आवाजात तिचं ओरडणं तिलाच ऐकू आलं नाही. तिने हातातली उटी सगळ्या ताकदीने चाकाच्या पुढ्यात घातली. चाक उटीवर चढू पाहत होतं, लाकूड करकरलं, लोखंडी पट्टी वाकली. पुढे ओझ्याची ओढ बदललेली त्याच्या पायाला कळली असावी. त्याने वेग सोडला, आणि इंजिन धक्का खाऊन बंद पडलं.

बंद पडलं तेच वाईट झालं. आता सगळं वजन मागे यायला लागलं. चाक उटीवरून उतरून मागे फिरलं, त्याच्याबरोबर ट्रेलरचं बूड कडेकडे वळायला लागलं. तिचे हात रिकामे होते. मग पाठीतला दांडा कमरेला टोचला. गाठ सोडायला वेळ नव्हता. तिने दोर डोक्यावरून ओढून काढला, कानाची पाळी फाटली, आणि सासूची उटी चाकामागे सरकवली. चाक त्या उटीवर येऊन टेकलं. लाकडातून एक लांब कण्हणं निघालं आणि सगळं थांबलं.

शांतता झाली तेव्हा तिला कळलं की आपण चाकापासून हातभर अंतरावर गुडघ्यांवर बसलोय आणि गुडघ्यांतून रक्त येतंय.  तिने दुसऱ्या चाकालाही दोन मोठे दगड लावले, कारण हात तेच करायला शिकलेले होते. मग ती उठली आणि पुढे केबिनकडे गेली.

तो दोन्ही पाय ब्रेकवर ठेवून बसला होता, घामाने निथळत. हँडब्रेक ओढलेला. तिने दार उघडलं. उजव्या दंडावर दोरी मांसात रुतली होती आणि रक्ताचा ओघळ कोपरापर्यंत आला होता. तिने त्या जखमेवर बोट ठेवलं आणि दाबलं. तो समोर बघत होता. त्याच्या चेहऱ्यावर काही हललं नाही. तिने त्याचा तळहात उलटा करून चिमटा काढला, नख रुतेपर्यंत. काही नाही.

“कधीपासून?” तिने विचारलं.

 तो म्हणाला, “डावा थंडीत गेला. उजव्याचं आता आता. येतं-जातं.”

“आणि मला मागं चालवत होतात.”

“पाय चांगले आहेत. ब्रेकला पाय लागतात. दोरी आवळली की कळायची गं. अगदीच नाही असं नाही.”

“मला मागं चालवत होतात,” ती पुन्हा म्हणाली.

  तो रडला असता तर तिला सोपं गेलं असतं. तो नुसता हाताकडे बघत राहिला, परक्याच्या वस्तूकडे बघावं तसा. हळूहळू त्याने सांगितलं ते एवढंच, की चाक सोडलं तर फौजी जाईल, फौजी गेला तर आपण कोण, आणि रोज वाटायचं की आजचा दिवस निभावू, उद्या दाखवू कुणाला तरी. तिच्या अंगाचा नुसता तिळपापड झाला होता. त्या हाताला हिसका कळत नाही हे माहीत असताना हा माणूस सकाळी म्हणाला होता, आवळ. आणि आपण आवळली होती.

तोवर वायरमन धावत खाली आला, कडेचा चुरा बघून त्याची पाचावर धारण बसली. क्रेनवालाही मोटरसायकल फरफटवत पोचला. त्याने चाकाभोवती एक फेरी मारली, जीभ टाळ्याला लावून चुकचुकला आणि निकाल दिला: आता हात लावू नका, उद्या दोन मशिनं आणतो, ओझं मी उचलतो आणि ट्रकही मीच घेऊन जातो. वायरमन त्याच्या मागे मान डोलावत होता. तेवढ्यात सगळ्यांच्या देखत कडेचा आणखी एक लपका सुटला आणि सासूच्या उटीखालची माती सरसरत खाली गेली. उद्यापर्यंत काय, संध्याकाळपर्यंतही ती कड टिकणार नव्हती. ट्रान्सफॉर्मर खालच्या रस्त्यावर गेला असता आणि त्याच्याबरोबर फौजीही.

“आत्ता काढायला हवं,” ती म्हणाली. “मी चाक धरते.”

नवऱ्याने मान वर केली. ती फौजी चालवत होती, नाही असं नाही. लग्नानंतरच्या दिवसांत त्यानेच हौसेने शिकवलं होतं. विंच चालवताना तीच आत बसायची, नदीच्या पटांगणावर रिकामी गाडी तिने कितीदा फिरवली होती. पण ओझं घेऊन घाट कधीच नाही.

“मागं कोण?” तो म्हणाला.

वायरमन म्हणाला, मी लावतो उटी, त्यात काय. तिने त्याच्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

“तुम्ही,” ती नवऱ्याला म्हणाली. “तुमच्या घरचाच कायदा आहे ना.”

तो केबिनमधून उतरला.

वळणाच्या पुढे बाहेरच्या अंगाला घराएवढा दगड होता. तिने वायरमनला विंचचा दोर तिथवर न्यायला लावला, दगडाला वेढा घालून आकडा कसा अडकवायचा ते ओरडून सांगितलं. मग ती चढून बसली. सीट खोल होती, पाठीशी पोत्याची घडी घातली तेव्हा कुठे पाय नीट पुरले. दोरी तिच्या डाव्या दंडाला आली, जिथे ती यायला हवी तिथे. गाठ तिने एका हाताने आणि दातांनी स्वतःच बांधली. आवळली नाही. बाहेर तो उटीचा दांडा धरू बघत होता आणि दांडा मुठीतून निसटत होता. शेवटी त्याने वायरमनकडून फडक्याने दांडा मनगटाला करकचून बांधून घेतला. दोरी मात्र बोटांत राहीना, तेव्हा त्याने ती दातांत धरली आणि चाकापाशी जाऊन वाकला.

तिने इंजिन सुरू केलं आणि जग नाहीसं झालं. आरशात थरथर. मागे काही नाही. इतकी वर्षं तिला वाटायचं की पुढे बसणाऱ्याचं बरं आहे, सावली आहे, बूड टेकलेलं आहे. आता तिला कळलं की पुढे बसणारा आंधळा असतो. मागे एक माणूस चाकाशी वाकलंय एवढं त्याला माहीत असतं, आणि बाकी सगळं त्या दोरीच्या टोकाला. इतके दिवस तो असा बसत होता, आणि दोरीही मुकी. कसा बसत होता हा, असं तिच्या मनात आलं आणि तिला भीती वाटली. पण राग कमी झाला नाही.

तिचा पाय ब्रेकवर होता. विंचचा दोर ताणला जात होता. या पायाने आता जरा ढील दिली, नुसती जरा, तर चाक मागे येईल. त्याला कळेल मग, मागं चालणं काय असतं. हे मनात आलं. खोटं कशाला सांगा, आलं, आणि क्षणभर बसूनही राहिलं. 

दंडाला हिसका बसला. मग दुसरा. चल.

बोटांचा हिसका वेगळा असतो, नेमका, तुटक. हा जड होता, आख्ख्या मानेचा. त्याने डोकं मागे फेकून ओढला होता. तिने क्लच सोडला, विंचचा दोर कुरकुरला, फौजीचं नाक बाहेरच्या अंगाला खेचलं गेलं. चाकाखाली काहीतरी गडगडत गेलं. एक हिसका. थांब. तिने थांबवलं. मग काहीच नाही. तिला वाटलं उटी लावली असेल, वाटलं लावली नसेल, वाटलं दांडा अडकला असेल आणि त्याचा हात दांड्याला बांधलेला आहे. घाम डोळ्यांत उतरत होता पण पुसायला हात मोकळा नव्हता. मागे चालताना तिने त्याला किती वेळा असं ताटकळत ठेवलं असेल. दोन हिसके. चल. पुन्हा वीतभर, पुन्हा थांब. असं खेचत, अडत, एकदा ट्रेलर मोठ्याने आदळला आणि पुढचा हिसका आला तो दोनचा. ट्रेलर रस्त्यावर आला होता. वायरमन वर उभा राहून दोन्ही हात हलवत होता. क्रेनवाला सिगारेट पेटवायची विसरून नुसती तोंडात धरून होता.

पुढे वळणं आणखी होती, पण तशी नाही. सावल्या लांबायच्या वेळेला ते पठारावर पोचले. गव्हाच्या बांधांवर माणसं उभी होती, ती सबस्टेशनच्या फाटकापर्यंत गाडीबरोबर चालत आली. कुणी ओरडलं नाही की टाळ्या पिटल्या नाहीत. एक म्हातारा फौजीच्या तापलेल्या नाकावर हात ठेवून चालत होता, चटका बसत असूनही.

तिने इंजिन बंद केलं, उतरली आणि मागे गेली. तो अजून चाकापाशी वाकलेला होता, उटी लावलेली, दोरी दातांत. गाडी थांबली हे त्याला दिसत होतं, तरी त्याने दोरी सोडली नव्हती. ओठांच्या कोपऱ्यांतून रक्त येऊन वाळलं होतं. तिने दोन बोटांनी त्याचा जबडा उघडला आणि दोरी काढून घेतली. मनगटाचं फडकं सोडलं. तो काहीतरी म्हणू पाहत होता, पण जबडा आखडला होता.

रिकामा ट्रेलर घेऊन उतरताना तीच चाकावर होती. तो शेजारी बसला होता, हात मांडीवर उताणे.  बोलायचं म्हटलं तरी फौजीत कुणाला ऐकू येणार होतं.

घरी पोचले तेव्हा दिवेलागण होत होती. सासू दारातच. गाडी थांबल्यावर चाकावरून सून उतरली आणि दुसऱ्या अंगाने मुलगा, हे तिने पाहिलं. तो हातपाय धुवायला मागे गेला. सुनेने जुनी उटी तिच्या पुढ्यात ठेवली. निमुळत्या टोकाची पार चिरफाळी झाली होती.

“लागली का?” सासूने विचारलं.

“लागली.” मग ती म्हणाली, “तुम्हाला ठाऊक होतं.”

सासू खाली बसली, बोटं नसलेला पाय लांब करून. ती चिरफाळ्यांवरून अंगठा फिरवत राहिली.

“जेवताना कळलं. हात भाजला तरी घास तोंडात घालत होता.”

“मग मला सांगितलं का नाहीत?”

“मलाही कुणी सांगितलं नव्हतं,” सासू म्हणाली.

सुनेची नजर त्या पायाकडे गेली. इतकी वर्षं तो पाय रोज समोर होता, त्याला तेल लावून देताना तिने हातात धरला होता. पाय घसरला, असं सासू सांगायची आणि आपण ऐकून घ्यायचो. सासऱ्याच्या दंडाला काय झालं होतं, की डोळ्याला, की त्या दिवशी तो झोपलेलाच होता, हे तिने विचारलं नाही. सासूनेही सांगितलं नाही. तिला फार संताप आला आणि सासूचा पाय उराशी धरावासाही वाटला, आणि यातलं काहीच न करता ती आत गेली.

तिने त्याच्या जखमेत हळद भरली नाही, नुसतं पाणी गरम केलं. दंडाची जखम धुताना ती जपून धूत नव्हती. जपायचं कशाला, त्याला कुठे कळत होतं. उद्या मोठ्या दवाखान्यात जायचं, असं तिने सांगितलं आणि त्याने मान हलवली. खाणवाल्याचा निरोप आला होता, त्याचा रोलर टेकडीवर न्यायचा होता. तो पुढच्या आठवड्यात नेऊ, ती म्हणाली. मी चाकावर. त्याने पुन्हा मान हलवली. मागे कोण, हे त्याने विचारलं नाही.

पट्टी बांधून झाली तरी तो उठला नाही.

“एक विचारू?” तो म्हणाला. जबड्यामुळे शब्द तोतरे येत होते. “त्या वळणावर. मी खाली वाकलो होतो तेव्हा. तुला वाटलं का, पाय सोडावा?”

ती भांड्यातलं लाल झालेलं पाणी दाराबाहेर फेकून आली. रिकामं भांडं पालथं घातलं. बाहेर फौजीचं इंजिन थंड होताना टकटक वाजत होतं.

“वाटलं,” ती म्हणाली.

त्याने मान खाली घातली. “मग?”

“मग तुम्ही दोरी ओढलीत,” ती म्हणाली. “मला कळली.”